औषध कोण कालवतं?

शिरपूर, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दवाखान्यात चक्कर येते म्हणून आलेल्या एका अक्काला डॉक्टरांनी विचारलं, "फवारणी केली का?" ती नाही म्हणाली. पित्ताची गोळी लिहून ते उठले.

मला तिच्या बोटांना फवारणीच्या औषधाचा वास आला. डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, तर टाचणीच्या टोकाएवढ्या. "अक्का, औषध कोण कालवतं?"

"फवारा ते मालक मारतस. मी फक्त औषध कालवस." आणि उघडा हात पुढे केला.

माझी आईही कपाशीचं औषध हातानंच कालवायची. केसपेपरवर 'विषबाधा?' लिहून मी डॉक्टरांना परत बोलावलं. त्यांनी इंजेक्शनं दिली, अक्का वाचली. वर मलाच ऐकवलं, "तू असिस्टंट आहेस, डॉक्टर नाहीस. केसपेपरवर लिहायचं नाही."

नाहीच मी डॉक्टर. पण तो हात मीच पाहिला ना? उद्याही लिहीन, खाली सही ठोकून.