आमच्या शिवारात कोल्हा न्हाई

तीर्थपुरी, दि. ६ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस आजीचा आशीर्वाद. वि. वि. तुला एक आजी आहे, सगुणाबाई नावाची, ती तीर्थपुरीला राहती. आधी ओळख दिलेली बरी. दिवाळीला गेल्तीस ती गेलीच. फोनवर बोललं की अख्खी गल्ली ऐकती, म्हणून तुझ्या आईला, बेबीनंदाला, लिहायला बसवलंय.

बातमी अशी की तुझ्या भावाला, अंगदला, बघायला मंगळवारी पाहुणे आल्ते. त्याला चौतिसावं लागलं, शेती करणाऱ्याला पोरगी कोण देतंय? पण ही स्वतःच घरदार बघायला आली. नाव मीना. संगं एक टकले सर, मामा असावेत. दोघांच्या गळ्यात दुर्बिणी. म्हणलं, आता स्थळ लांबूनच बघत असतील.

पोरगी चौकस. विहिरीला पाणी कुठवर, फवारणी करता का, शिवारात कोणकोणती जनावरं येतात, सगळं लिहून घेतलं. आम्हीबी कच्चे न्हाई. विहीर जूनपर्यंत तुडुंब सांगितली. रोही, रानडुक्कर, लांडगा, कोल्हा बिलकुल न्हाई म्हणलं. शेजारच्या तातेरावनं तर सापसुद्धा नाकारला, अन् मागल्या महिन्यात त्यालाच चावल्ता. तुझी आई उंदीर न्हाईत म्हणती तेवढ्यात एक पळाला. सरांनी त्याचा फोटो काढला.

पोरगी तुझ्याच कॉलेजात शिकती म्हणे. जल्दी चौकशी करून कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझी आजी

छत्रपती संभाजीनगर, दि. १६ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि. आशीर्वाद पोचला, ओळखही पटली. मीना माझी वर्गमैत्रीण. कोणतं झाड, कोणतं जनावर कुठं आढळतं आणि कुठं नाही, याचा ती नकाशा करतेय. तिची पदवी त्यावरच आहे. टकले सर तिचे मार्गदर्शक. ते येणार हे कळवायला मी विसरले.

पण तुम्ही केलं काय? नकाशात शहागडकडून लांडगे येतात, अंकुशनगरच्या उसातून कोल्हे येतात, आणि सगळे आपल्या बांधाशी येऊन थांबतात. आपल्या शिवारात फक्त एक उंदीर. सर खूश आहेत. प्राण्यांना ओलांडता येत नाही असं तिथं काय आहे, यावर ते परिषदेत भाषण देणार आहेत. मीनाला मात्र संशय आहे. खोटं निघालं तर तिचं सगळं काम वाया जाईल. ती पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतेय. दादाचं लग्न राहिलं तरी चालेल, खरं सांगा. रागावलात तरी विसरू नका.

तुमची प्रियदर्शनी

तीर्थपुरी, दि. १७ फेब्रुवारी

चि. प्रियदर्शनीस आशीर्वाद. वि. वि. हे पत्र अंगद लिहून राह्यला, तेव्हा त्याच्याबद्दल काही बरं दिसलं तर विश्वास ठेवू नको.

तुझं पत्र ऐकून मी म्हणलं, खरं सांगितलं की नकाशा छापून येणार, अन् असल्या लांडग्याच्या घरात मंग कोण पोरगी देणार? तातेराव म्हणला, निदान साप तरी झाकून ठेवा.

शुक्रवारी मीना आली तसा अंगद तिला शेतात घेऊन गेला. मी तुझ्या आईला मागून शेण गोळा करायला धाडलं. ती सांगती, पोरानं विहीर दाखवली, मार्चात तळ दिसतो म्हणला. रोह्यांनी खाल्लेला हरभरा दाखवला. माळावरची घळ दाखवली, तिथं लांडगीनं पिल्लं घातलीत. लोक मारतील म्हणून आजवर आम्हालाबी सांगितलं नव्हतं. अन् शेवटी म्हणला, की मी शेतीच करतो, दुसरं काही करणार न्हाई, अन् त्या दिवशी आम्ही तुम्हाला पाहुणे समजलो.

मीनानं सगळं बराबर लिहून घेतलं. शेवटचं तेवढं नुसतं ऐकलं. मंग विचारलं, की पिल्लं मोठी होईपर्यंत दर शुक्रवारी आलं तर चालंल का.

तर आता लांडगे, कोल्हे बांध ओलांडून आपल्यात आले, सरांचं भाषण बुडालं. मी पुढचं काही समजत न्हाई. एकदा समजून घेतलं तेवढं पुरे. फक्त अंगद शुक्रवारी दाढी करतो एवढं दिसतं. हे वाक्य लिहायला त्यानं लई वेळ लावला.

तुझा जीव आमच्यात गुंतलेला असू दे. अन् मीना आली की पोहे करायचे न्हाईत अशी त्याची ताकीद आहे, लोक लगेच अर्थ काढतात. तवा तिच्या हाती खारी पाठव. पुष्कळ शुक्रवार पुरंल एवढी.

तुझी आजी