हद्दीच्या दगडापुढे बंदूक

३ ऑक्टो., शुक्र.
तळ्याच्या बांधावर नवी पाटी. 'या हद्दीत शस्त्र नेण्यास सक्त मनाई.' ही राज्याची. बांधाचा अलीकडचा अर्धा भाग केंद्राचा. तिथली जुनी पाटी म्हणते, परवाना असेल, बंदूक रिकामी अन् गवसणीत असेल तर जा. मध्ये हद्दीचा दगड. दगडापर्यंत मी सज्जन, पुढे आरोपी.
घर अलीकडे, भात पलीकडे. दाणा भरलाय, डुकरं रोज येतात. वडलांची शेतसंरक्षणाची एकनळी बंदूक आता माझ्या नावावर. हवेत एक बार काढला की पळतात. ती रोज घरी आणून ठेवायची, ही परवान्याची अट. दुसरी वाट जंगलातून. तिथे बंदुकीसह दिसले तर सरळ शिकारच.

४ ऑक्टो.
पाटीखाली पहाऱ्याला दहिवलीचा नसीर. दहावीला माझ्या शिकवणीला होता, संस्कृतला. जेमतेम सुटला.
"बाई, परत फिरा. वरनं आलंय."
वर म्हणजे कुठे, विचारलं. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. परत फिरले. रात्रभर चडफड.

५ ऑक्टो., रवि.
धाकटा भाऊ दत्तू जेवताना: "ताई, तू नळी घे, मी दस्ता घेतो. येगयेगळं गेलो तर बंदूक कुठं हाय?"
अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि अख्खं, यांवर संस्कृत पाठशाळेत मी तीन महिने घासले. दत्तूने अर्ध्या भाकरीत निकाल लावला.

७ ऑक्टो.
जमलं. दत्तू पुढे. नसीर: "ह्ये काय रं?" "लाकूड." दहा मिनिटांनी मी. "बाई, हे?" "पाइप."
हसला नाही, अडवलंही नाही. "जा. पन मला परत दाखवू नका."
कायद्याला सुटा भागही शस्त्रच. ठाऊक आहे. त्याला शिकवलं नाही.

८ ऑक्टो.
युक्ती अंगाशी. दत्तू पंप आणायला टेंपोने लोधिवलीला, पिशवीतल्या दस्त्यासकट. मी शेतात नुसती नळी घेऊन. डबा वाजवला, ओरडले, शेवटी तार स्वरात स्तोत्रं. डुकरांना संस्कृत रुचत असावं, निवांत जेवली. दोन गुंठे आडवे.
दत्तू: "इसरलो गं." बस्. अर्धीमुर्धी बंदूक आता नाही.

९ ऑक्टो.
अख्खी नेली. रिकामी, गवसणीत. परवाना प्लॅस्टिकात, गळ्यात. दगड ओलांडला तसा नसीर उठला.
"बाई, आज मला लिवावं लागंल."
"लिही. वेळही लिही, साडेपाच."
त्याने वहीत लिहिलं, खाली मी सही केली. मग शेतात एक बार. डुकरं गायब.

११ ऑक्टो., शनि.
नोटीस. आणून द्यायला नसीरच. परवाना रद्द का करू नये? सोमवारी अकराला कर्जतला परवाना कचेरीत समक्ष, मूळ परवाना व तपासणीसाठी बंदूक घेऊन हजर राहावे.
दोनदा वाचली. त्याला चहा दिला.
"नसीर, इथून कर्जतची वाट कोणती रे?"
"बांधावरनंच की, बाई." आणि कप खाली ठेवला.

१२ ऑक्टो., रवि.
गुरुवारी बांधावर घडलं त्याची बातमी नेहमीसारखी मीच पेपरला पाठवली होती, बाईचं नाव न घालता. संपादकांचा फोन: ही बंदूकवाली बाई कोण? म्हटलं, आपली वार्ताहर.
नोटिशीवरच्या नंबरावर काल विचारलेलं, बंदूक आणू कशी? "नोटिशीत आहे तसं." बांधावर मनाई आहे. "तो विभाग येगळा."
दत्तू घाबरलाय. "परवाना गेला तर भात गेलं, ताई. टेंपोनं जाऊ. शीटखाली टाकू."
शीटखाली नाही. चालतच. खांद्यावर. दगडाच्या अलीकडे जी चाल, तीच पलीकडे.
उद्या सकाळची पाळी नसीरची. संध्याकाळी विचारून आले, अडवशील का?
"माज्याकडं पाटी हाय, तुमच्याकडं कागद. उद्या बगू, बाई."
बरोबर आहे त्याचं. त्याचीही नोकरी.
गवसणीची नाडी उसवली होती, शिवली. नळीला तेल. काडतुसं कपाटात.
नऊला निघायचं.