दोन भिंगांमधली जागा

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू बाबांसाठी पाठवलेली भिंगांची नळी पोहोचली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. बाबांनी ती डोळ्याला लावली, आईचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ उघडून समोर धरलं आणि जाहीर केलं, की पोरगा भिंगांच्या कारखान्यात झाडू मारत असणार. काही म्हणजे काही मोठं दिसत नाही. मीही पाहिलं. साध्या काचेतून दिसतं तसंच!

आई गेल्यापासून त्यांनी हातात घेतलेलं हे पहिलं काम. तेही जमलं नाही तर सगळी हत्यारं शेजारच्या घड्याळजीला देऊन टाकणार आहेत. मग दिवसभर करणार काय, तर माझ्या स्वयंपाकावर देखरेख. तेव्हा माझ्यावर दया कर आणि काहीतरी सुचव.

लोभ आहे, पण सध्या तापलेला.
तुझी ताई

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

कारखान्यात मी भिंगं घासतो, फरशी नाही; हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

नळीत दोन भिंगं आहेत. पुढचं फुगीर, ते उजेड गोळा करतं. डोळ्याजवळचं खोलगट, ते त्याला आवर घालतं. दोघांत बोटभर जागा असली की चाकं मोठी दिसतात, आणि खाली हत्यार फिरवायला हात मोकळा राहतो. पण दोघांना चिकटवलं तर एकाचं केलेलं दुसरं पुसून टाकतं. म्हणून तर आतल्या सरकत्या नळीवर लाल खूण केली होती, तिथपर्यंत बाहेर ओढायला! कुणी बघितली का ती? मी तिथे असतो तर दोन मिनिटांत दाखवलं असतं. पण मी तिथे असलो की बाबांची नि माझी कशी जुंपते ते तू जाणतेस.

राग मानू नकोस, मी मानलाय तेवढा पुरे.
धाकटा

१७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खूण कुठे आहे विचारलं, तर बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. नळी हलत होती म्हणे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला हलता सांधा कसा सोसवणार? खोकं उघडल्याबरोबर नळी गच्च आत ढकलली आणि वरून लाखेने बंद केली. मला एका शब्दाने बोलले नाहीत, वर तुझ्या नावाने शंख!

स्पिरिटचा बोळा फिरवून मी लाख काढली. मी बाहेर ओढतेय, ते आत ढकलताहेत. शेवटी तुझं पत्र वाचून दाखवलं, चिकटली की एकमेकांचं पुसतात, ते. मग स्वतःच खुणेपर्यंत ओढली आणि मला खोलीबाहेर काढलं. पुढचं तेच लिहिणार आहेत.

तुम्हा दोघांपुढे हात टेकलेली,
ताई

१८ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

घड्याळ चालू झालं. चाकात तुझ्या आईचा केस अडकला होता. पांढरा. इतके दिवस मला तो दिसलाच नव्हता. काढून कागदात ठेवला आहे. रडलो, हे ताईला कळवू नकोस.

भिंगं उत्तम घासली आहेस. सांधा मात्र ढिला आहे.

एकदा येऊन जा. चार दिवस राहा, जास्त नको. आपल्या दोघांत थोडी जागा राहिली, की तू मला बरा दिसतोस.

बाबा