‘बसाच’ला जाहिरातदार हवेत

१२ जानेवारी, सकाळ

आजपासून मीडिया किट. हौशी काम पुष्कळ झालं.

मीडिया किट म्हणजे वेबसाइटचा बायोडेटा. आपण कोण, आपले वाचक कोण, जाहिरात कुठे लागेल आणि तिला काय पडेल, हे देखणं मांडून दुकानदारांना, कंपन्यांना पाठवायचं. मग ते जाहिराती देतात. मोठ्या साइट्स असंच करतात.

हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे नोकरीचा अर्जच की. म्हटलं, अर्जात आपण मागतो, किटमध्ये आपण देतो. म्हणाली, बरं, कोणाला? आणि दूध उतू जाईल म्हणून उठली. हिला व्यवसायातलं काही कळत नाही.

तरीही हिच्याशी करार केला. ३१ मार्चपर्यंत एक तरी जाहिरातदार आणायचा. नाही आला तर पुढची खोली हिला. सध्या त्या खोलीत माझं ऑफिस आहे: टेबल, फिरती खुर्ची, व्हाइटबोर्ड आणि रस्त्याकडची खिडकी. हिचं शिलाई मशीन बाथरूमशेजारच्या बोळात असतं. तिथे उजेड नाही, डोळे दुखतात, गिऱ्हाईक आलं की ट्रायलला आमच्या बेडरूममध्ये न्यावं लागतं, वगैरे वगैरे. हे सगळं मी गेलं वर्षभर ऐकतोय. मी लगेच हो म्हटलं, कारण हरायचा प्रश्नच नाही.

१३ जानेवारी

व्हाइटबोर्डवर ‘व्हिजन’ असं लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. दमलो.

१९ जानेवारी

पान पहिलं: ‘आम्ही कोण’.

‘बसाच’ ही शहरातल्या फुकट बसायच्या जागांची परीक्षणं करणारी एकमेव वेबसाइट. बाक, कठडे, पायऱ्या, सगळं. पाठीला टेकण आहे का, सावली किती वेळ टिकते, शेजारी बसणारे बडबडे आहेत का. ग्रंथालयामागच्या हिरव्या बाकावर डावीकडे बसलं तर कंबर धरत नाही, उजवीकडे खिळा वर आलाय. हे ठाऊक असलेला दुसरा माणूस दाखवा.

पान दुसरं: ‘संस्थापकाची कहाणी’. ऑफिसने कामावरून कमी केलं असं लिहिलं तर जाहिरातदार बिचकतात. म्हणून लिहिलं, ‘संस्थापकांनी सुरुवातीचे काही महिने पूर्णवेळ फील्डवर्क केले.’ यात खोटं काय आहे? रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचो, संध्याकाळी परत यायचो. मधल्या वेळात बाक. घरी बोललो नव्हतो, तो व्यावसायिक गुप्ततेचा भाग.

हिने ते पान वाचलं. म्हणाली, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, ऑफिसात बसून कोणाची पँट मागून अशी हिरवी होत नाही. मग डबा कशाला भरून द्यायचीस, असं मी विचारलं. म्हणाली, भूक तर लागतच असेल ना.

हे पान तिला दाखवायला नको होतं. दिवसभर काही सुचलं नाही.

२४ जानेवारी

संस्थापकाचा फोटो. हिने काढला. मागे हँगरला कोणाचा तरी झगा लटकलेला. झगा स्वच्छ आला, मी हललो.

२ फेब्रुवारी

पान चौथं: ‘आमचे वाचक’. या पानावरच सगळं अवलंबून.

आकडे पाहिले. आकड्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. आलेख काढला. उभी बाजू जरा ताणली की चढ झकास दिसतो. नोव्हेंबरात साइट बंदच पडली होती, त्यामुळे डिसेंबरातली वाढ अफाट. ‘अफाट’ हाच शब्द टाकला.

जाहिरातदारांना वाचकाचं वय, आवडी, खरेदीच्या सवयी हव्या असतात म्हणून साइटवर प्रश्न टाकले होते. मोजकी उत्तरं आली. खरेदी कुठे करता, याला एकाने लिहिलं, खरेदी परवडली असती तर बाक कशाला शोधत फिरलो असतो. दुसऱ्याने सगळं सोडून लिहिलं, बस स्टॉपच्या बाकाबद्दल तुम्ही साफ चुकलात, तिथे दुपारी ऊन येतं. तिसऱ्याने प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलंय. ‘आपले वय’ यापुढेसुद्धा.

असल्या लोकांसाठी मी उन्हातान्हात बसलो.

किटमध्ये लिहिलं, ‘आमचा वाचक विचारपूर्वक खर्च करतो.’

८ फेब्रुवारी

बँकेच्या दारात टकल्या भेटला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर असायचा, आम्हाला दोघांना एकाच दुपारी घरी पाठवलं. याने पण वेबसाइट काढलीय. कुठल्या दुकानात सेल लागलाय, कोण काय स्वस्तात करून देतं. बस, एवढंच. ना विचार, ना भाषा. आणि जाहिरातदार मागे लागलेत म्हणे. आला मोठा शहाणा.

माझ्या किटची वीस पानं झाली म्हटल्यावर हसला. म्हणाला, एका पानात उरक रे, दुकानदाराला वेळ कुठे असतो. मग वहिनी कशा आहेत, शिवण कसं चाललंय, अशी चौकशी करत बसला. स्वतःची फुशारकी मारून झाली की माणसाला दुसऱ्याच्या घरचे आठवतात.

घरी येऊन हिला सांगितलं की टकल्या किती उथळ झालाय. हिने त्याच्या साइटचं नाव दोनदा विचारलं. तिलाही नाव भिकार वाटलं असणार.

किटची चार पानं वाढवली.

१५ फेब्रुवारी

पहिली प्रत्यक्ष भेट. चौकातला कॅफेवाला. इस्त्रीचा शर्ट घातला, किट रंगीत छापून नेलं.

त्याने किट उघडलंच नाही. मोबाइल काढला आणि माझंच परीक्षण मला वाचून दाखवलं. ‘कॅफेबाहेरचा बाक अप्रतिम. पाठ सरळ राहते, पंख्याचा वारा दारातून फुकट येतो. आत जाण्याची अजिबात गरज नाही.’ वाचून झाल्यावर म्हणाला, हे छापून आल्यापासून माझ्या बाकावर माणसं होती आणि आत माश्या होत्या.

मी म्हटलं, यालाच प्रभाव म्हणतात. आमच्या एका शब्दावर लोक येतात, हे तुम्ही स्वतःच कबूल करताय.

त्याने मला बाहेर आणून जागा दाखवली. बाक काढून टाकलाय. फरशीवर चार भोकं उरलीत.

त्याच्या पोटात दुखतंय. पण तो बाक खरंच चांगला होता. तिथे आता बसता येणार नाही याचं फार वाईट वाटलं. यायला उशीर झाला, तरी हिने पानं वाढून ठेवली होती.

२३ फेब्रुवारी

दिसेल त्या कंपनीला किट ईमेल केलं. गाद्यावाले, मलमवाले, छत्रीवाले, चपलांवाले. बसणाऱ्या माणसाला लागणारं काही सोडलं नाही.

संध्याकाळी ५

मलमवाल्यांचं उत्तर. मॅनेजर रजेवर आहेत, परतल्यावर संपर्क करतील. म्हणजे रस आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली, ते मशीन पाठवतं. तिच्या बोलण्यात मशीनशिवाय दुसरं काही नसतं.

४ मार्च

फर्निचरवाल्याने स्वतः बोलावलं. मोठं दुकान, दारात पायपुसणंसुद्धा मखमली. मनातल्या मनात पेढे वाटून झाले.

किट त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. असा माणूस मी पाहिला नव्हता. म्हणाला, सुंदर झालंय, भाषा काय आहे, बाकावर बसल्यासारखं वाटतं. मी नम्रपणे खाली पाहिलं. मग म्हणाला, हे कोणी केलं? मी म्हटलं, मीच. म्हणाला, मग आमचा कॅटलॉग कराल का? प्रत्येक खुर्चीवर असंच दोन ओळी लिहायचं. दर महिन्याला काम निघेल.

आणि जाहिरात? म्हणाला, जाहिरात नको हो, तुमचे लोक फुकट बसणारे, त्यांना मी खुर्ची कशी विकू? काम करणार असाल तर सांगा.

अंगाचा तिळपापड झाला. मी संस्थापक आहे, कारकून नाही, असं सांगून उठलो. खुर्ची फार आरामाची होती, उठायला जड गेलं.

हिला सगळं सांगितलं. हिने हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाली, तुम्हाला जे येतं ते कोणी मागितलं की तुम्हाला अपमान का वाटतो?

नसत्या वेळी नसते प्रश्न.

१६ मार्च, दुपार

अलीकडे लोकांना कपडे अल्टर करून घ्यायचं काय वेड लागलंय देव जाणे. हिच्याकडे बायकांची रीघ. बोळात जायला माझ्या ऑफिसातूनच वाट आहे. प्रत्येक बाई माझ्याकडे पाहून, तुम्ही काम करा हो, असं म्हणून पुढे जाते. एकीने चेन बिघडलेली पँट माझ्या टेबलावर ठेवली.

मूग गिळून बसलो. पण मग लख्ख सुचलं. किटमध्ये नवा मुद्दा घातला: ‘आमच्या कार्यालयाला रोज असंख्य नागरिक भेट देतात.’ परत सगळ्यांना पाठवलं.

इतकी गिऱ्हाइकं अचानक कुठून येताहेत, असं हिला विचारलं. म्हणाली, कळतं एकमेकींना. खोलीचा विषय तिने काढला नाही. मुदतीचं बहुतेक विसरलीय. मीही आठवण केली नाही.

२८ मार्च

माझे दर जास्त आहेत का, ते पडताळायचं ठरवलं. टकल्याचं मीडिया किट त्याच्या साइटवरच असतं. काढलं. खरंच एक पान. वर दर, खाली ‘आमचे समाधानी जाहिरातदार’. तीन चौकोन. बुटांचं दुकान, चष्म्याचं दुकान.

तिसऱ्या चौकोनात ही.

हसतेय. गळ्यात टेप. खाली लिहिलंय, ‘एकाच जाहिरातीत इतकं काम आलं की हात पुरत नाहीत.’ फोटो माझ्या ऑफिसात काढलाय. खिडकीचा उजेड तोंडावर आहे. मागे माझा व्हाइटबोर्ड, त्यावर चादर टाकलेली.

पाच मिनिटं मी तो फोटो पाहत बसलो. चांगला आलाय. माझ्याकडे बघून ती असं शेवटचं कधी हसली, ते आठवेना.

बोळात गेलो. म्हटलं, घरात वेबसाइट असताना तू टकल्याकडे गेलीस. तिने मशीन थांबवलं. म्हणाली, अख्ख्या गावाला किट पाठवलंत, मला पाठवलंत? म्हटलं, तू घरातली. म्हणाली, घरातली म्हणून मी न पाठवता वाचलं, सगळीच्या सगळी पानं, दुसरं कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. तुमचे वाचक काही विकत घेत नाहीत, हे तुम्हीच त्यात लिहिलंय, जरा सजवून. मला गिऱ्हाईक हवं होतं.

मी म्हटलं, तरी. एक छोटी जाहिरात. नवऱ्यासाठी.

तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोनदा चुकला. मग म्हणाली, तुमच्याकडे जाहिरात दिली असती तर तुम्ही जिंकला असतात. आणि मी इथेच बसले असते, या अंधारात.

मी सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

३१ मार्च

खोली दिली. टेबल बोळात मावत नाही, त्याचे पाय काढून ठेवले. फिरती खुर्ची तिने मागून घेतली. मशीनला उंची बरोबर बसते म्हणाली. व्हाइटबोर्ड उलटा करून तिथे आरसा लावलाय.

हे तात्पुरतं स्थलांतर आहे. बोळात एकाग्रता चांगली होते. फर्निचरवाल्याला फोन केला, कॅटलॉगचं काय झालं म्हणून. म्हणाला, दुसऱ्याला दिलं हो, आठवडाभर तुमची वाट पाहिली.

हे हिला सांगितलेलं नाही.

९ एप्रिल

हिला नवी जाहिरात द्यायची होती. टकल्याकडेच. मजकूर तुम्ही लिहून द्या म्हणाली, तुमची भाषा चांगली आहे. मी ठरवलं होतं की काही झालं तरी नाही लिहायचं. मग सकाळभर बसून लिहिलं. मनापासून लिहिलं. ‘जुन्या वस्त्रांना नवा जन्म’ इथून सुरुवात करून पानभर.

तिने कात्रीने कापावं तसं कापलं. ‘कपडे अल्टर करून मिळतील’, फोन नंबर, पत्ता, वेळ. एवढंच ठेवलं. खरं सांगायचं तर त्यानंतर बरं दिसायला लागलं. मग स्वतःच्या मनाने खाली एक ओळ घातली: ‘दार मिस्टर उघडतील.’

हे कशाला, म्हणून विचारलं. म्हणाली, मला मशीनवरून सारखं उठता येत नाही, आणि बायका दारात पुरुष पाहून दचकतात, आधी सांगितलेलं बरं.

आज ती जाहिरात लागली. माझ्याबद्दल जाहिरातीत तीन शब्द आहेत आणि तिन्ही खरे आहेत. टकल्याचाही फोन आला, शेवटची ओळ फार कामाची आहे म्हणाला.

दोनदा बेल वाजली. उठतो.