जास्तीची गोळी

३ मार्च
ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र पोचलं. मेंदूतली गाठ काढून तीन महिनेही झाले नाहीत आणि दादा दुप्पट जेवतो, चेहरा गोल झालाय, पहाटेच उठून रंधा मारत बसतो. ही सगळी गाठ परत वाढू नये म्हणून दिलेल्या त्या नव्या लसीची करामत, असं तू लिहितेस. वहिनी, औषधांच्या दुकानात मी वीस वर्षं उभी आहे. ही लक्षणं लसीची नाहीत, सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडची आहेत. डॉक्टरांनी रोज एकच गोळी ठेवली होती, कारण जास्त दिली की लस लुळी पडते.

स्पष्टच लिहिते, माझा संशय तुझ्यावर आहे. ऑपरेशनच्या वेळची गोळ्यांची जुनी पाकिटं तू फेकलीच नाहीस ना? पण गोळ्या एकदम बंद करू नकोस, आधी डॉक्टरांना सांग.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी नणंद

१० मार्च
लाडक्या वन्संना,
अ. आ.
चिडले की मी तुला वन्सं म्हणते, हे तुला ठाऊक आहे.

हो, मीच देते. रोज दोन जास्त. एका गोळीवर हे कपाटाकडे नुसतं बोट दाखवतात, शब्द सापडत नाही. तीस वर्षं कपाटं बनवलेला माणूस. जास्त दिल्या आणि तिसऱ्या दिवशी मला नावानं हाक मारली. मग माझा हात आवरेना.

काल डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. लस लागू पडेल अशी खात्री तेही देत नाहीत, पण वेळ गेलेली नाही म्हणाले. गोळ्या हळूहळू उतरवायच्या आहेत.

चोर म्हण, पण आपली म्हण.
तुझी वहिनी

१४ मार्च
चि. ढमीस,
अ. उ. आ.
वहिनी सगळं स्वतःवर घेते आहे. गोळ्या मी मागितल्या, तिला शपथ घातली. लसीचा भरवसा नव्हता, बोलण्याचा होता. लेकीशी दोन गोष्टी बोलायच्या होत्या, त्या झाल्या. आता लसीलाही संधी देऊन बघू.

परवापासून एक गोळी कमी झाली. पुढचं पत्र वहिनीच्या अक्षरात आलं तर उगाच पोलिसगिरी करू नकोस.

सकाळपासून तुझं खरं नाव आठवतो आहे. वहिनीला विचारायचा धीर होत नाही. उलट टपाली तेवढं कळव.
तुझाच,
दादा