आंग्र्यांना चाचे म्हणणाऱ्या लेकीसाठी

मी, कमलाकर दामोदर नाचणे, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक, राहणार कार्डिफ, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र करीत आहे. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे, हे सॉलिसिटरबाईंनाही पटले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझी एकुलती मुलगी देवयानी, राहणार मेडनहेड, हिला द्यावे. तिच्या आईची तशी इच्छा होती. माझी नाही.

२. बचत सगळी इथल्या मराठी शाळेला, मोडी शिकवण्यासाठी. देवयानीला मोडी मीच शिकवली. त्या मोडीच्याच जोरावर तिने एका संग्रहालयात इंग्रजांच्या गुप्त मोहिमांचे प्रदर्शन मांडले. आंग्र्यांच्या विजयदुर्गावर १७५६ साली हल्ला करण्याआधी कंपनीचे लोक गुपचूप येऊन तिथल्या पाण्याची खोली मोजून गेले, पेशव्यांनीच आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला, सगळे बिनचूक. आणि दारावर मोठ्या अक्षरांत, आंग्र्यांचे राज्य म्हणजे 'पायरेट स्टेट'! कंपनीने जहाजांना परवाना दिला की तो कायदा, आंग्र्यांनी दिला की चाचेगिरी. हे ढोंग तिला लहानपणीच कळले होते.

तो शब्द काढ, असे मी फोनवर सांगितले. ती म्हणाली, "बाबा, आंग्र्यांना आरमाराचे सरखेल म्हटलं तर कोणी तिकीट काढणार नाही. इट्स जस्ट अ लेबल." तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. पेशव्यांचे आंग्र्यांशी निदान वैर तरी होते. हिचे काय होते?

३. रंधा, पटाशी व इतर हत्यारे शेजारच्या प्रणवला. तो वस्तू जागेवर ठेवतो. जावई क्षितिज याने नेलेले ड्रिल परत आलेले नाही. ते त्यालाच लखलाभ.

४. काचेच्या कपाटातली, मी स्वतः घडवलेली लाकडी गलबते. लहानपणी देवयानी पाहुण्यांना ती दाखवून म्हणायची, "हा आपला आरमार." मी दर वेळी टोकायचो, आपला नाही, आपलं. प्रदर्शनाचे उद्घाटन मी ऑनलाइन पाहिले. त्यात ती "देअर फ्लीट" म्हणाली. इंग्रजी अगदी शुद्ध होते.

गलबते तिनेच न्यावीत. अट एकच. माझी नात यमुना हे काय म्हणून विचारेल, तेव्हा तिला "आपला आरमार" असे सांगावे. चुकलेले चालेल.

सही: क. दा. नाचणे

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली.
साक्षीदार: वैभवी शेणोलीकर, यादवराव कांबळे
कार्डिफ, १४ नोव्हेंबर २०२४