गिरणी गॅसवर चालणार

१६ जानेवारी १९९४, दिंद्रुड
औरंगाबादचं शिबिर करून परत आलो. विषय: उद्योग, शेती, तंत्रज्ञान आणि सरकार यांनी हातात हात घालून टिकाऊ ऊर्जा कशी उभी करायची. फोल्डर मिळाला, पेन मिळालं. बाकीचे जेवून सटकले, मी समारोपापर्यंत थांबलो. आमच्या गावात निम्मा दिवस लाईट नसते आणि गिरणीत डबे रांग लावून बसतात. आता बस्स. गिरणी गोबरगॅसवर चालवायची. गावात शेणाला काय तोटा?

सौ. नीलम्माला सांगितलं. ती म्हणाली, हात धुवा, वाढते. तिला विषय झेपला नाही. गिरणी तिच्या वडिलांनी दिली हे ती कधी बोलून दाखवत नाही, पण मला ऐकू येतं. तशी गिरणी मीच चालवतो. (दळण ती दळते. मी धोरण बघतो.)

२३ जानेवारी
पारावर बैठक. वाहेद मिस्त्री (तंत्रज्ञान), विठ्ठलराव (शेती, गावात सगळ्यात जास्त जनावरं त्यांची), ग्रामसेवक (सरकार) आणि मी (उद्योग). बराच वेळ मीच बोललो. म्हणालो, शेण हे शेण नाही, रॉ मटेरिअल आहे. विठ्ठलरावांनी दोनदा विचारलं, शेणाला लई किंमत हाय म्हणा की मग? मी म्हणालो, सोनंच समजा. त्यांच्या डोळ्यांत जागृती दिसली.

वाहेदनं त्याचं जुनं इंजिन द्यायचं कबूल केलं. ग्रामसेवकानं सहकार्य द्यायचं कबूल केलं. नेतृत्व माझ्याकडे.

९ फेब्रुवारी
खड्डा झाला, लोखंडी ड्रम बसला. त्यासाठी गिरणीची विजेची मोटर विकली. वाहेद म्हणाला, अप्पा, गॅस तर निगू द्या, मोटर आताच काहून विकता? कारागीर माणूस, त्याला व्हिजन नसतं. परतीचे दोर कापल्याशिवाय गड हाती येत नाही.

सौ. दिवसभर बोलली नाही. शांततेत पुष्कळ वाचन झालं.

१८ फेब्रुवारी
शेण येत नाही. विठ्ठलराव म्हणाले, सोन्यासारका माल फुकट कसा द्यावा, भाव बोला. आजवर या गावात पाटीभर शेणाला कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आता गोठ्यांना कड्या लागल्यात. रस्त्यावरचं शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या ताराबाईनंही भाव वाढवला. याचा अर्थ बाजार जागा झाला. खुलं धोरण म्हणतात ते हेच.

घरच्या म्हशीचं शेण मागून पाहिलं. सौ. म्हणाली, मग चूल काय तुमच्या फोल्डरवर पेटवू? तिचंही बरोबर आहे. उद्योगानं स्वतःच कच्चा माल पुरवू नये, असाही एक विचार असणार.

६ मार्च
ऐतिहासिक दिवस! शेवटी शेण विकत घेऊन खड्डा भरला होता. आज गॅस निघाला. निळी ज्योत. वाहेदला मिठी मारली, थोडा रडलोही.

इंजिन चार वेळा खोकलं आणि गप्प झालं. वाहेद म्हणाला, एवढ्यावर नुसता चहा होतो. मग चहा केला. एक कप झाला, तो चौघांनी बशीत वाटून घेतला. चार क्षेत्रांच्या सहकार्यातून झालेला जिल्ह्यातला हा पहिलाच चहा असावा. विठ्ठलराव म्हणाले, साखर कमी हाय.

२१ मार्च
ड्रम वर येत नाही, म्हणजे गॅस साठत नाही. ग्रामसेवकाची गेवराईकडे बदली झाली. जाताना म्हणाला, सहकार्य कायम राहील. म्हणजे सरकार पाठीशी आहे, फक्त जरा लांबून.

गिऱ्हाइकं डबे परत न्यायला लागलीत. सौ.नं विचारलं, मोटर परत मिळंल का? मी म्हणालो, मागं वळून बघायचं नसतं. ती जाऊन बंद गिरणीत बसली आणि पट्टा पुसत राहिली. बंद गिरणीचा पट्टा कशाला पुसायचा?

११ एप्रिल
वाहेद आला, मान खाली घालून. त्याच्या भावानं, गुफराननं, माजलगाव रस्त्याला रसवंती टाकलीय. म्हणाला, अप्पा, इंजिन गंजायलंय, लेकरांना खायला पायजे का न्हाई? मी म्हणालो, हे आपल्या ठरावात बसत नाही. तो इंजिनाचे नट सोडवायला बसला. इंजिन गाडीत चढवताना माणूस कमी पडला, म्हणून मीच हात लावला. मतभेद असूनही सहकार्य.

संध्याकाळी जाऊन रस पिऊन आलो. इंजिन डिझेलवर झकास चालतं.

२५ एप्रिल
नवी योजना: पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांपासून गॅस. फोल्डरमध्ये आहे. उद्यापासून सुरुवात.

सौ. हल्ली सकाळीच बाहेर पडते, दुपार कलल्यावर येते. कुठं जाते विचारलं नाही. बायकांनी पुढं यावं, असं शिबिरातही सांगितलं होतं.

२ मे
पऱ्हाटीचं अजून काही नाही. ऊन फार आहे.

घरात पीठ नाही. ज्वारीचा डबा घेऊन मीच खालच्या वेशीतल्या पंडितच्या गिरणीवर गेलो. त्याचं इंजिन डिझेलचं, काळा धूर ओकतं. तत्त्वात बसत नाही, पण भूक लागली होती. रांगेत उभा राहिलो. पुढं एक बाई दळण टाकत होती, केसांपासून पायापर्यंत पिठानं पांढरी. माझा नंबर आला तेव्हा ओळख पटली. नीलम्मा.

लाज वाटली. इतकी की डबा तिथंच टाकून पळावंसं वाटलं. तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि सगळ्यांना विचारते तसं विचारलं, जाड का बारीक?

इतकी वर्षं तिच्या हातची भाकर खातोय. मला सांगता येईना. मागची म्हातारी करवादली, अवो अप्पा, बोला की लवकर, आमाला बी दळायचंय.

तोवर नीलम्मानं दळायला घेतलं होतं.